मनूचा इसब आणि शंभरपानी वही

लहान बाळाच्या गालावर लाल चट्टे उठले की घरातला प्रत्येक जण एकच विचारतो, "काय खाल्लं?" बाळ अंगावर पीत असेल तर प्रश्न बाळंतिणीकडे वळतो. माझ्या लेकीनं तो महिनोन् महिने ऐकला. वांगं खाल्लंस का, आंबट खाल्लंस का, डाळ तुरीची होती की मुगाची? शेवटी ती मऊ भात आणि दुधी भोपळ्यावर आली, तिचं वजन उतरलं, आणि मनूचे गाल होते तसेच राहिले. त्या दिवसांचा मला अजून राग येतो. नातवंडं सांभाळणाऱ्या माझ्यासारख्या आज्यांनी आणि त्यांच्या लेकी-सुनांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे.

मनू सांगलीत जन्मली, माझ्याकडे. तिसऱ्या महिन्याच्या आसपास तिचे गाल आणि कपाळ खरखरीत झालं, मग पोटऱ्या, मग हातांच्या बाहेरच्या बाजू. लंगोटाच्या आतली कातडी मात्र मऊ आणि स्वच्छ होती. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी आधी तेच पाहिलं, कारण तान्ह्या बाळाचा इसब, म्हणजे एक्झिमा, ती जागा बहुधा सोडून देतो. मग आम्हा सगळ्यांना हात पुढे करायला लावले आणि बोटांच्या बेचक्या तपासल्या. घरात खरूज असेल तर ती तिथे दिसते आणि मोठ्यांनाही रात्री खाज सुटते. कुणाला दमा आहे का, सकाळी शिंका येतात का, हेही विचारलं. जावयांना लहानपणी दमा होता. मला उठल्या उठल्या शिंका येतात. "म्हणजे वारसा दोन्हीकडून आहे," त्या म्हणाल्या, आणि लेकीकडे वळून, "तुम्ही आजपासून सगळं जेवायचं."

मला त्यांनी जे समजावलं ते मी नंतर वाचूनही काढलं. इसब असलेल्या मुलांची त्वचा नव्या कोऱ्या माठासारखी झिरपते. आतलं पाणी बाहेर उडून जातं, आणि साबण, धूळ, जंतू यांना आत शिरायला वाट मिळते. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन असतं. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटानं २००६ मध्ये दाखवून दिलं की या प्रथिनाच्या जनुकातले दोष इसबाशी जोडलेले आहेत. प्रत्येक मुलात तो दोष सापडतो असं नाही, पण त्वचेचा बांध कच्चा असणं ही मूळ गोष्ट. घाम, लोकर, लाळ, धूळ ही नंतर येणारी निमित्तं.

म्हणून डॉक्टरीणबाईंचा क्रम ठरलेला होता: आधी त्वचा शांत करायची, निमित्तं नंतर शोधायची. मला हे उलटं वाटलं होतं. पण अंगभर आग पेटलेली असताना बाळाला साधं पाणीही झोंबतं. अशा वेळी जे बघाल ते दोषीच वाटतं. कातडी निवळली, की मग एखाद्या दिवशी नवा चट्टा उठला तर काल काय झालं होतं हे विचारण्यात अर्थ असतो.

शांत करायचं म्हणजे काय, तर मलम. आणि किती, तर आपल्या कल्पनेपेक्षा कितीतरी जास्त. ब्रिटनची सरकारी मार्गदर्शक सूचना इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर सांगते. आमच्याकडे तेव्हा शंभर ग्रॅमची महागडी ट्यूब महिनाभर पुरवून पुरवून वापरत होते. डॉक्टरीणबाईंनी साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली आणि एक साधं क्रीम लिहून दिलं. २०२२ साली ब्रिटनमधल्या साडेपाचशे मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोशन, क्रीम, जेल आणि घट्ट मलम अशी चारही प्रकारांची तुलना होती, आणि परिणामात फरक आढळला नाही. जे परवडतं, जे बाळ लावून घेतं आणि जे आपण रोज न चुकता लावतो, ते चांगलं. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण दुकानातल्या फळीवर इसबाच्या नावानं काय काय मांडलेलं असतं आणि आईबाप भीतीपोटी काय काय उचलतात, हे मी पाहिलं आहे.

आंघोळीची गोष्ट जरा नाजूक होती. मालिशवाल्या मावशी आमच्याकडे लेकीच्या जन्मापासून येतात. पायांवर बाळ घेऊन कढत पाण्याचे तांबे, मसुराच्या डाळीचं पीठ आणि साय चोळून काढायची, मग वेखंड आणि शेवटी ओवा-बाळंतशेपांची धुरी. मावशींना येऊ नका म्हणणं मला जमलं नसतं आणि गरजही नव्हती. त्यांना पुढच्या तपासणीला सोबत नेलं. डॉक्टरीणबाईंनी मावशींशी आदरानं बोलून एकेक गोष्ट सांगितली: पाणी कोमट, आंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपायची, पीठ बंद, धुरी बंद, अंग पुसायचं ते टिपून. आणि कातडी ओलसर असतानाच मलम लावून घ्यायचं. खोबरेल चालेल, मोहरीचं तेल नको. ऑलिव्ह तेलाची फॅशन आली आहे, तेही नको, त्यानं त्वचेचा बांध आणखी सैल होतो. फिलिपिन्समधल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर इसब असलेल्या मुलांना खनिज तेलापेक्षा खोबरेलाचा जास्त उपयोग झाला. मावशी परत येताना रिक्षात म्हणाल्या, "खोबरेल मी आधीपासून म्हणत होते." खरंच म्हणत होत्या.

आता स्टिरॉइड. हा शब्द कानावर आला की घर गप्प होतं. माझ्या जाऊबाई फोनवर रडायच्या बेतात आल्या. डॉक्टरीणबाईंनी चेहऱ्यासाठी एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड मलम दिलं, अंगासाठी त्याहून थोडं तीव्र, आणि किती लावायचं ते माझ्या बोटावर मोजून दाखवलं. ट्यूबच्या तोंडातून मलमाची सरळ रेघ काढायची, तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या घडीपर्यंत. ते साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात मोठ्या माणसाचे दोन तळवे, बोटांसकट, मावतील एवढी कातडी झाकली जाते. वर्षाच्या मुलाचा एक पूर्ण हात आणि पंजा भरलेला असेल तर अशा दीड रेघा लागतात. घाबरून तांदळाएवढा ठिपका घेऊन तो सगळ्या पायावर पसरवला, तर औषध पोचतच नाही, चट्टा रेंगाळतो, आणि शेवटी जास्त दिवस लावावं लागतं. चट्ट्याचा रंग फिका झाला म्हणून थांबायचं नाही. डोळे मिटून बोट फिरवायचं, खरखर लागली तर अजून संपलेलं नाही. खरखर गेली की बंद, आणि मॉइश्चरायझर चालू.

भीती बाळगायचीच असेल तर ती मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या 'खाजेच्या ट्यूब'ची बाळगा. त्यात फार जोरकस स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध एकत्र घातलेलं असतं. नायटा असो, इसब असो, सगळ्यांना तीच. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये चौदा प्रकारची स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं, तरीही काउंटरवर कुणी ना कुणी काढून देतंच. बाळाच्या गालाला ती लागू देऊ नका. कुणी कितीही आपलेपणानं आणून दिली तरी.

महिन्याभरात मनू बरीच निवळली. मग मी वही काढली.

माझं आयुष्य बँकेत गेलं. संध्याकाळी हिशेब जुळल्याशिवाय उठायचं नाही ही सवय अंगात मुरलेली. शंभरपानी वहीत रोज एक ओळ: हवा, कपडे, कुठे गेलो, नवीन काय खाल्लं, सर्दी-ताप, रात्रीची झोप. आणि दर रविवारी सात प्रश्न. ते इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी तयार केलेले आहेत आणि कुणालाही वापरता येतात. गेल्या आठवड्यात किती दिवस खाज होती, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस रक्त आलं, पाणी पाझरलं, भेगा पडल्या, पापुद्रे निघाले, कातडी कोरडी-खरखरीत होती. प्रत्येकाला शून्य ते चार गुण. बेरीज आठच्या खाली असेल तर सौम्य, सोळापर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. "बरं वाटतंय" आणि "वाढलंय" या घरातल्या वादापेक्षा हा आकडा फार उपयोगी पडला. लेक एक म्हणायची, जावई दुसरं, मी तिसरं. रविवारी आकडा समोर आला की वाद संपायचा.

वहीतला माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा शोध डाव्या गालाचा. डिसेंबरात उजवा गाल स्वच्छ राहायचा आणि डावा रोज रात्री पेटायचा. सकाळी ठीक, दुपारी ठीक. संध्याकाळी काय होतं? आमचे हे तिला घेऊन गच्चीवर फेऱ्या मारतात. नेहमी उजव्या खांद्यावर. ती यांच्या मानेकडे तोंड करून डोकं टेकवते, म्हणजे खाली डावा गाल. आणि यांच्या अंगात जुना लोकरी स्वेटर. मी जवळ जाऊन पाहिलं तर तिच्या लाळेनं खांद्याचा भाग ओला झालेला, आणि त्या ओल्या लोकरीवर तो गाल घासला जात होता. मी काही न बोलता एक धुतलेला पंचा यांच्या खांद्यावर टाकला. आठवड्यात गाल निवळला. फेऱ्या चालू राहिल्या. लोकरीची ॲलर्जी वगैरे काही नाही, तिच्या खरखरीत तंतूंनी नुसतं टोचतं, आणि इसबवाल्या कातडीला तेवढं पुरतं.

हनुवटीचंही तसंच. दात येताना लाळ गळते, त्यात टोमॅटोचं सार किंवा मोसंबी तोंडाभोवती माखली की तिथे लाल कडं उमटायचं. "टोमॅटो बाधतो" असं लगेच ठरलं. पण जेवणाआधी तोंडाभोवती जेलीचा थर लावला आणि नंतर ओल्या कापडानं टिपून घेतलं, तर तोच टोमॅटो पचला. आंबट रस आणि लाळ कातडीला बाहेरून झोंबत होती. टोमॅटो ताटात राहिला.

गादी झटकण्याचा दिवस वहीत स्पष्ट दिसायचा. कापसाची गादी आणि गोधड्या बाल्कनीत बडवल्या की त्या रात्री खाज. धुळीतले बारीक किडे गादी-उशीत असतात, दमट हवेत वाढतात. आता ते काम मनू बाहेर असताना होतं, आणि तिची पांघरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळतात. कपडे मशीनमध्ये एकदा जास्त खंगाळायचे, वासाचं पाणी घालायचं नाही. लग्नात जरीचं परकर-पोलकं हौसेनं घातलं तेव्हा आत सुती झबलं होतं, तरी मानेपाशी काठ लागला तिथे रेघ उमटली. सांगलीच्या एप्रिलमध्ये मानेच्या आणि कोपराच्या घड्यांत घाम साचून खाज. तिथे उपाय म्हणजे ओल्या फडक्यानं टिपणं आणि पंखा. सर्दी-ताप आला की इसब हमखास उसळतो, त्याला कुणी काही करू शकत नाही. उसळी आली की लगेच औषध सुरू करायचं, एवढंच.

एक नियम मी कटाक्षानं पाळला. एका वेळी एकच बदल, आणि तो निदान दोन आठवडे. साबण, पीठ, दूध आणि पावडर एकाच दिवशी बंद केलं तर कशानं बरं वाटलं ते कधीच कळत नाही, आणि बाळाच्या आयुष्यातून चार गोष्टी उगाच जातात.

लेकीची रजा संपल्यावर आम्ही सगळे पुण्याला आलो. सोसायटीत बोअरचं जड पाणी. येताच कुणीतरी सांगितलं, इसब पाण्यामुळेच, मशीन बसवा. मशीनवाल्यानं नळाच्या तोंडावरचा पांढरा क्षार दाखवला, आणि तो बघून कुणालाही पटेल. पण इंग्लंडमध्ये ३३६ मुलांवर नेमका हाच प्रयोग झाला होता, निष्कर्ष २०११ मध्ये आले. निम्म्यांच्या घरी पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं, निम्म्यांच्या नाही. इसबात फरक पडला नाही. आंघोळीच्या पाण्यात घालायच्या तेलांचाही असाच, पावणेपाचशेवर मुलांचा अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यांचाही फायदा दिसला नाही. त्या पैशात मनूचं वर्षभराचं मलम येतं. आम्ही मलम आणलं.

आता खाण्याकडे येते, कारण भांडणं तिथेच होतात. अन्नाची ॲलर्जी खरी असते आणि तीव्र इसब असलेल्या तान्ह्या मुलांत ती जास्त आढळते. अंडं, दूध, शेंगदाणा ही नेहमीची नावं. पण ती बहुधा ओळखू येते: खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते. श्वासाला त्रास झाला तर ताबडतोब दवाखाना. असं काहीच नसताना नुसत्या रक्ताच्या तपासणीत दहा पदार्थांपुढे खुणा आल्या म्हणून ते दहाही बंद करणं चूक आहे, कारण रिपोर्टमध्ये खूण असूनही मूल तो पदार्थ मजेत पचवत असतं. वाढत्या वयात दूध-अंडं काढून घेतलं तर वजन-उंची खुंटते. आणि बंद ठेवलेल्या पदार्थाची खरी ॲलर्जी पुढे उद्भवू शकते.

शेंगदाण्याच्या बाबतीत तर पुरावा ठाम आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजनं ६४० तान्ह्या मुलांवर केलेला अभ्यास २०१५ साली आला. सगळी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली. ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा नियमित खाऊ घातला, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. आपल्या घरात भाजीत कूट, आमटीत कूट, उपासाला कूट. त्याची धूळ हवेत आणि हातांवर असतेच. ते बाळाच्या फुटलेल्या कातडीवर पडत राहणार आणि पोटात मात्र जाणार नाही, हे सगळ्यात वाईट. मनूचा इसब जोरात होता म्हणून आम्ही मनानं काही केलं नाही. डॉक्टरांनी तपासून सांगितल्यावर बारीक कूट पेजेत मिसळून सुरू केलं. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नाही, घशात अडकतो.

काही सुट्या गोष्टी, ज्या मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं. सावळ्या कातडीवर इसब लाल दिसेलच असं नाही, तो राखाडी किंवा जांभळट दिसतो, म्हणून हात फिरवून बघा. चट्टा बरा झाला की तिथे फिकट डाग राहतो. लोक त्याला जंत म्हणतात, कॅल्शियमची कमतरता म्हणतात, कुणी दबक्या आवाजात कोड म्हणतं, आणि उरलेले स्टिरॉइडला दोष देतात. मनूचे डाग काही महिन्यांत मिटले. खाजेसाठी मिळणाऱ्या झोप आणणाऱ्या औषधांनी बाळ पेंगतं, खाज विशेष कमी होत नाही. नखं बाळ झोपल्यावर कापा आणि कानशीनं घासा. लसी एकही चुकवू नका, इसब हे लस टाळायचं कारण नाही. मलम मुरलेले कपडे पटकन पेट घेतात, म्हणून औक्षणाच्या वेळी निरांजन लांबून ओवाळा. हे मी दर दिवाळीला घरात मोठ्यानं सांगते.

आणि दोन प्रसंगी थांबायचं नाही. चट्ट्यांवर मधासारखी पिवळी खपली धरली, पाणी पाझरू लागलं, तर जंतुसंसर्ग आहे, त्याच दिवशी दाखवा. दुसरी याहून गंभीर: ओठांवर तापाचे फोड असलेल्या माणसानं बाळाचा पापा घेतला आणि इसबावर एकसारख्या आकाराचे, टोचून काढल्यासारखे दुखरे फोड उठले, ताप आला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. पाहुणे आले की मी दारातच ओठ बघते. कुणाला आवडो न आवडो.

मनू आता अडीच वर्षांची आहे. चट्टे गालांवरून उतरून कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या मागच्या घड्यांत गेले आहेत, या वयात तसं होतंच. बऱ्याच मुलांचा इसब शाळेच्या वयापर्यंत पुष्कळ कमी होतो. तिचाही होईल अशी मला आशा आहे. जूनपासून ती बालवाडीत जाते. बाईंना मी पहिल्याच दिवशी भेटून सांगितलं: हा संसर्गजन्य नाही, कुणाला लागत नाही, तिला वेगळं बसवू नका, हात धुवायला तिचा बिनवासाचा साबण दप्तरात आहे, ओला रंग किंवा माती लागली की धुऊन ही डबी उघडून द्या. डबी उघडल्यावर पुढचं ती स्वतः करते. बोटावर जेली घेते, कोपराच्या घडीत चोळते आणि उरलेली शेजारच्या मुलाच्या हाताला लावते. त्याच्या आईनं परवा फाटकापाशी गाठून विचारलं, त्यालाही कोपरात तसंच होतं, काय करू? मी त्यांना आधी डॉक्टरांचा पत्ता दिला आणि मग वहीत रकाने कसे आखायचे ते सांगितलं.